घासणे, पुसणे, टिपणे : मोटारीचे मेण आणि एका फडक्याचा इतिहास

१/
मराठीत स्वच्छतेची तीन क्रियापदे आहेत : घासणे, पुसणे आणि टिपणे. भांडी घासतात, फळा पुसतात, अश्रू मात्र टिपतात. मोटारीला मेण लावून मायक्रोफायबरच्या फडक्याने तिला चमक आणणे हा आज अनेकांचा रविवारचा उद्योग आहे. तो नीट कसा करावा, याचे उत्तर या तीन क्रियापदांच्या इतिहासात सापडते. आजचा थ्रेड त्या फडक्याविषयी. सुरुवात वसईच्या पश्चिम किनाऱ्यावरून. #इतिहास #वसई #थ्रेड

२/
वटार हे पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील बागायती पट्ट्यातले गाव. अर्नाळा, राजोडी आणि कळंबचे किनारे जवळच. समुद्रावरून येणारा वारा क्षार आणि बारीक रेती घेऊन येतो. रात्री अंगणात उभ्या केलेल्या मोटारीवर सकाळी चिकट, खरखरीत थर दिसतो. कोरड्या फडक्याने तो पुसला की गाडी स्वच्छ वाटते. काही महिन्यांनी मात्र उन्हात तिच्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक वर्तुळाकार ओरखडे चमकू लागतात. हे ओरखडे येतात कोठून?

३/
उत्तराचा पहिला भाग आपल्या हाताच्या सवयीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत चमक म्हणजे तांब्यापितळेची चमक. चिंच, राख, माती आणि नारळाचा काथ्या घेऊन समई घासली की ती लखलखते. येथे घडते ते असे : चिंचेतील आम्ल धातूवरील काळपट थर सोडवते आणि राख तो खरवडून काढते. दरवेळी धातूचा सूक्ष्म अंश झिजतो. पण समई जाड असल्याने ती चार पिढ्या टिकते. येथे चमक मिळते ती काहीतरी काढून टाकल्यामुळे.

४/
मेणाची रीत याच्या उलट. मेण पृष्ठभागावर एक थर चढवते. तो थर पाणी झटकतो, प्रकाश एकसारखा परतवतो आणि खालच्या वस्तूला झळ लागू देत नाही. ‘मेण’ हा शब्दही जुना आहे. संस्कृतात मधमाशीच्या मेणाला ‘मदन’ म्हणत. प्राकृतात त्याचे ‘मयण’ झाले आणि मराठीत ‘मेण’. (पालखीचा प्रकार असलेला ‘मेणा’ मात्र फारसीतून आला, त्याचा मेणाशी संबंध नाही.)

५/
संस्कृतात मेणाला आणखी एक सुंदर नाव आहे : मधूच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या १२ व्या शतकातील ग्रंथात मूर्ती ओतण्याची विधी दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मग तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मेणाचा थर जितका नितळ, तितकी मूर्ती नितळ.

६/
धातूच्या मूर्तींचा वारसा वटारच्या शेजारीच आहे. काही किलोमीटरवरील सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ नावाने ओळखली जाणारी टेकडी उकरली. आत बौद्ध स्तूप निघाला. त्यातील दगडी पेटीत धातूचा करंडक आणि त्याभोवती मांडलेल्या आठ बुद्धमूर्ती सापडल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

७/
पोर्तुगीज राजवटीत (१५३४ ते १७३९) वसईच्या चर्चवेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. पुढे मेण कापडावरही चढले. पाणी अडवणाऱ्या कापडाला मराठीने ‘मेणकापड’ हे नाव दिले आणि आज त्यात मधमाशीच्या मेणाचा अंश नसला तरी नाव टिकून आहे. मेणाचा पातळ थर पाण्याला दूर ठेवतो, ही गोष्ट आपल्या भाषेने मोटार येण्यापूर्वीच नोंदवली होती.

८/
आता कापडाकडे वळू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भडोचनंतरच्या बाजारपेठांत ‘सुप्पारा’, म्हणजे सोपारे, आणि ‘कल्लिएना’, म्हणजे कल्याण, यांची नावे आहेत. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर माल लादून भडोचला जाई. तेरच्या मालात साधे सुती कापड आणि तलम मलमल यांचा उल्लेख आहे. दख्खनच्या कापसाची ख्याती दोन हजार वर्षांची आहे.

९/
पण इतिहासात जितके महत्त्व नव्या कापडाला, तितकेच जुन्यालाही द्यायला हवे. मराठी घरात कापडाची ठरलेली उतरंड असे. लुगडे विरले की त्याची गोधडी किंवा बाळाचे दुपटे. धोतर विरले की त्याचा पंचा, मग फडके, आणि अखेरीस पोतेरे. शेकडो धुण्यांनी खळ निघून गेलेले, मऊ पडलेले सुती कापड अंग टिपायला उत्तम. म्हणूनच ‘जुने कापड म्हणजे मऊ कापड’ हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले.

१०/
१८६७ मध्ये विरार आणि मुंबई यांच्यामध्ये लोकल गाडी सुरू झाली. वसई पट्ट्यातील भाजी, फुले आणि केळी मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. त्या मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या व्हिक्टोरिया धावत. १८९८ च्या सुमारास तेथे पहिल्या मोटारी आल्या आणि १९११ मध्ये मोटार टॅक्सी सुरू झाली. प्रारंभीची मोटार म्हणजे रंगकामाच्या दृष्टीने घोड्यावाचूनची बग्गीच होती.

११/
बग्गीचा रंग जवसाच्या तेलात कालवलेला असे. एक हात द्यायचा, तो सुकू द्यायचा, झाव्याच्या दगडाच्या पुडीने घासून सपाट करायचा, मग पुढचा हात. शेवटी व्हार्निश. या कामाला आठवडे लागत. थर जाड असत आणि ओरखडा पडला तर पुन्हा घासून, पुन्हा व्हार्निश देऊन काम भागे. समईवर शिकलेला हात बग्गीवरही चालून जाई.

१२/
१९२३ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोज लॅकर रंग मोटारीवर वापरला. तो झटपट सुके. आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र असे रंग ऊन लागून मंद होत आणि त्यांना वरचेवर पॉलिश करून मेण लावावे लागे. तो एकथरी रंग होता. पॉलिश करताना रंगाचा निर्जीव झालेला अंश फडक्यावर येई : निळ्या गाडीचे फडके निळे, तांबड्या गाडीचे तांबडे.

१३/
मेणही बदलले. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या पत्र्यावर ते मऊ पडून धूळ धरून ठेवते. ब्राझीलच्या ईशान्य भागात कार्नोबा नावाचा पंख्यासारख्या पानांचा ताड वाढतो. कडक उन्हात पानांतील ओल उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेणाचा थर धरतो. पाने वाळवून झोडपली की हे मेण पुडीच्या रूपात सुटते. ते ८० अंशांच्या वर वितळते. झाडाने स्वतःसाठी निर्माण केलेले हे कवच मोटारीच्या कामी आले.

१४/
महाराष्ट्राच्या मोटार-इतिहासाचे केंद्र मुंबईतील कुर्ला. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटच्या परवान्यावर तयार झालेली गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत पोहोचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती टॅक्सीसेवेतून कायमची निवृत्त झाली. त्या पिढीच्या चालकाचे सुती फडके हा त्याच्या व्यवसायाचाच भाग होता.

१५/
१९८० च्या दशकापासून जगभरच्या मोटारींत एक मोठा बदल रुळला. खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक थर, म्हणजे ‘क्लिअर कोट’. आजच्या गाडीची चमक याच पारदर्शक थराची असते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो. पॉलिश करून ओरखडे काढणे म्हणजे हा थर आणखी पातळ करणे. ही समई नव्हे. येथे झिजण्याजोगे फार थोडे आहे.

१६/
आता वटारच्या सकाळकडे परत पाहू. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोझच्या श्रेणीत काच साधारण ५.५ वर येते, तर धुळीत आणि रेतीत आढळणारे क्वार्ट्झ ७ वर. क्लिअर कोट हा काचेहून कितीतरी मऊ असा बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकसदृश पदार्थाचा थर. कोरडे फडके रेतीचा कण सापडताच त्याला पत्र्यावर फिरवत नेते. हात गोल फिरतो, म्हणून ओरखडेही गोल. कोळ्याच्या जाळ्याचे कोडे येथे सुटते.

१७/
या पेचावर योग्य ठरलेले कापड मूळचे दुसऱ्याच कामासाठी जन्मले. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूंपासून मऊ चामड्यासारखे कृत्रिम कापड तयार केले. एका बहुवारिकाच्या ‘समुद्रात’ दुसऱ्याची बारीक ‘बेटे’ ठेवून तंतू ओढायचा आणि मग समुद्र विरघळवून टाकायचा, अशी त्यामागची कल्पना. उरतात ती बेटे, म्हणजेच सूक्ष्म तंतू. उद्देश पोशाखाचा होता. पुसण्याचा उपयोग पुढच्या काळातला.

१८/
सूक्ष्म म्हणजे किती? तंतूचे माप ‘डेनियर’मध्ये देतात : ९,००० मीटर तंतूचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. मायक्रोफायबर १ डेनियरहून कमी असतो. वसई रोड ते विरार हे रेल्वेचे अंतर साधारण ८ किलोमीटर. त्या दोन स्थानकांमध्ये मायक्रोफायबरचा एक तंतू ताणला, तर त्याचे सगळे वजन एका ग्रॅमहूनही कमी भरेल.

१९/
पुसण्याच्या फडक्यात पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड हे दोन पदार्थ सहसा ८०:२० किंवा ७०:३० या प्रमाणात असतात. एकत्र ओढलेला तंतू नंतर संत्र्याच्या फोडींसारखा चिरला जातो. त्यामुळे फडक्याला असंख्य बारीक कडा आणि फटी मिळतात. पॉलिएस्टर तेलकट आणि मेणकट अंश धरतो, पॉलिअमाइड ओलावा धरायला मदत करतो आणि फटी केशाकर्षणाने द्रव आत ओढतात. सुती फडके बरेचसे मेण पुढे ढकलते व स्वतःचे तूस मागे ठेवते. हे फडके मेण उचलून घेते. हेच ते टिपणे.

२०/
यापुढचे सर्व नियम या रचनेतूनच निघतात. पहिला नियम : मेणापूर्वी पाणी. फडके कितीही मऊ असले तरी त्याच्या लवेत रेती अडकली की त्याचा पॉलिश कागद होतो. म्हणून आधी भरपूर पाण्याने रेती आणि क्षार वाहून जाऊ द्यावेत, मग गाडीच्या शाम्पूने धुवावे, आणि जाड लवेचे फडके पत्र्यावर अंथरून, हलकेच ओढून पाणी टिपावे. कोरड्या, धुळकट गाडीवर मायक्रोफायबरही फिरवू नये.

२१/
दुसरा नियम : सावली आणि थंड पत्रा. तापलेल्या पत्र्यावर मेणातील द्रावक झटकन उडतो, मेण घट्ट चिकटते आणि ते काढायला जोर लावावा लागतो. जोर म्हणजे पुन्हा घासणे. मेण स्पंजाच्या गादीने अगदी पातळ लावावे, एका वेळी एकच भाग घ्यावा. जाड थराने चमक वाढत नाही, पुसण्याचे काम वाढते. मेण धुरकट दिसू लागले की बोट हलकेच फिरवून पाहावे. खालचा भाग स्वच्छ चमकला तर पुसण्याची वेळ झाली. बोटाबरोबर मेण फरफटले तर थांबावे. निरनिराळ्या मेणांचा अवधी वेगळा असतो, तेव्हा डब्यावरील सूचना वाचाव्यात.

२२/
तिसरा नियम घडीचा. फडके दोनदा दुमडले की चौपदरी घडी होते आणि तिच्या उलटसुलट मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू मेणाने भरली की दुसरी काढावी. भरलेली बाजू मेण टिपत नाही, ते नुसते इकडचे तिकडे करते. घडीमुळे तळव्याचा दाब सारखा पसरतो. चोळामोळा केलेल्या फडक्यात तो बोटांखाली एकवटतो. हात सरळ रेषेत आणि हलका चालवावा. पहिल्या फडक्याने मेण उचलावे, दुसऱ्या कोऱ्या फडक्याने शेवटचा हात फिरवावा.

२३/
चौथा नियम फडक्यांच्या जातिभेदाचा. हा एवढाच जातिभेद शास्त्राला मान्य आहे! वजन प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये लिहिलेले असते. मेण काढायला साधारण ३०० ते ४०० ग्रॅमचे, आखूड लवेचे फडके सोयीचे. पाणी टिपायला त्याहून जाड. टोचणारे लेबल आधी कापून काढावे, कडा कडक असल्यास तो भाग पत्र्यावर येऊ देऊ नये. चाकांचे फडके चाकांनाच. तेथील लोखंडी चुरा धुऊनही पूर्ण निघेलच असे नाही. रंगानुसार वाटणी केली की घोटाळा होत नाही.

२४/
पाचवा नियम सर्वांत कठोर : जमिनीवर पडलेले फडके त्या दिवसापुरते बाद. झटकून उपयोग नाही. ज्या फटी मेण धरतात, त्याच रेतीचा कणही धरतात. फडक्याचा गुण येथे दोष होतो. म्हणून सुरुवातीलाच चार-पाच फडकी स्वच्छ बादलीत किंवा पिशवीत जवळ ठेवावीत. एकाच फडक्यावर सगळे काम उरकण्याचा हट्ट गाडीला महागात पडतो.

२५/
सहावा नियम धुण्याचा. नवे फडकेही वापरण्यापूर्वी एकदा धुवावे. मेणाचे फडके वाळून कडक होण्याआधी कोमट पाण्यात आणि द्रव साबणात भिजवावे. सुती कपड्यांबरोबर धुतल्यास त्यांचे तूस याच्या लवेत अडकते. कपडे मऊ करणारे ‘कंडिशनर’ तंतूंवर थर चढवून फटी बुजवतात. ब्लीच तंतू दुबळे करते. इस्त्रीची वा ड्रायरची तीव्र उष्णता त्यांची टोके कडक करते. सावलीत वाळवावे आणि धूळ लागणार नाही असे ठेवावे. मऊपणा गेलेल्या फडक्याला रंगावरून निवृत्त करून चाकांवर पाठवावे. कापडाची जुनी उतरंड येथे पुन्हा उपयोगी पडते.

२६/
या फडक्याची एक दुसरी बाजूही आहे. ते मुळात प्लास्टिकचे आहे. धुताना त्याचे सूक्ष्म तुकडे सुटून सांडपाण्यात जातात. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पश्चिमेला समुद्र अशा पट्ट्यात सांडपाण्याचा शेवट कोठे होतो हे सांगायला नको. तेव्हा फडकी एकेक न धुता साठवून एकत्र, थंड किंवा कोमट पाण्यात, थोड्या वेळाच्या फेरीत धुवावीत आणि काळजी घेऊन वर्षानुवर्षे वापरावीत. धोतर शेवटी मातीत मिसळत असे. या कापडाच्या नशिबी ते नाही.

२७/
आणि सर्वांत महत्त्वाचे माणसांविषयी. विरार, नालासोपारा, मुंबई, सगळीकडे पहाटे सोसायट्यांमध्ये गाड्या पुसणारी माणसे दिसतात. एक बादली पाणी, एक फाटका बनियन, आणि उजाडण्यापूर्वी कित्येक गाड्या. ओरखडे दिसले की दोष त्यांच्या हाताला मिळतो. वस्तुतः तो हात निष्काळजी नसतो. त्याला दिलेले साधन आणि पाणी मागच्या शतकातल्या रंगाला पुरेसे असे असते. ज्याला क्लिअर कोट जपायचा आहे, त्याने आपल्या गाडीसाठी दोन-तीन मायक्रोफायबर फडकी त्या माणसाच्या हाती द्यावीत, पुरेसे पाणी द्यावे आणि कोरडे पुसण्याची सक्ती करू नये. एवढ्याने निम्मे भांडण मिटेल.

२८/
तंत्र बदलते तेव्हा वस्तू आधी बदलते, हाताची सवय बऱ्याच मागून येते. बग्गीपासून क्लिअर कोटपर्यंत रंगाने शंभर वर्षांत तीन पिढ्या पालटल्या. आपण मात्र अजून समई घासत आहोत. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या सनावळीत वाचतात. तो अशा सवयींतही वाचता येतो.

२९/
आता आपल्याकडून एक मदत हवी. वाडवळी, सामवेदी, कोळी, आगरी, मालवणी, वऱ्हाडी : आपल्या बोलीत जुन्या कापडाच्या उतरंडीला कोणते शब्द आहेत? भांडी पुसायचे वेगळे, जमीन पुसायचे वेगळे, बाळाचे वेगळे. आजीला विचारून, गावाच्या नावासह प्रतिसादात लिहा. पुढचा थ्रेड त्या शब्दांचा करू. #मराठी #वसई #इतिहास (समाप्त)